आठव्या खोलीतला स्पीकर

कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी ऐकून उत्तरं लिहायचा भाग सुरू असतानाच स्पीकर बंद पडला आणि पर्यवेक्षक गुमरानबाईंनी चमकून भिंतीकडे पाहिलं.

या परीक्षेच्या दिवशी सगळा देश श्वास रोखून बसतो. तेवढा वेळ विमानंसुद्धा खाली न उतरता वरच घिरट्या घालतात. टाचांचा आवाज नको म्हणून बाई कापडी बूट घालून आल्या होत्या, सकाळपासूनचा खोकलाही त्यांनी गिळला होता. एवढं करून भिंतीवरच्या त्या मेल्या खोक्यानं ऐन वेळी दगा दिला. मुलींच्या माना एकदम वर झाल्या. पहिल्या बाकावरची जरा मोठी दिसत होती, बहुतेक दुसऱ्यांदा बसली असावी. तिनं पेन खाली ठेवलं.

बाईंनी सोबतच्या तरुण पर्यवेक्षकाला खुणेनंच, जिथून आवाज सोडतात त्या प्रक्षेपण खोलीकडे पिटाळलं आणि नियमाप्रमाणे सांगितलं, "घाबरू नका. आधी वाचायचे प्रश्न सोडवा. हे शेवटी पुन्हा लावू."

पानं उलटली. बाईंनी कुठे कपाळाचा घाम पुसला, तोच स्पीकर आपोआप, मधल्याच वाक्यापासून बोलायला लागला.

निम्म्या मुलींनी घाईघाईनं पानं परत मागे उलटली. बाकीच्या बाईंकडे बघत राहिल्या. पहिल्या बाकावरची रडायलाच लागली. बंद पडलं तर काय करायचं ते पर्यवेक्षकांच्या नियमपुस्तिकेत होतं. पुन्हा सुरू झालं तर काय, ते कुणी लिहिलंच नव्हतं. असल्या गोंधळापायी पर्यवेक्षकांना कोर्टाची पायरी चढावी लागल्याचं बाईंनी ऐकलं होतं. तरी त्या खुर्चीवर चढल्या आणि स्पीकरची वायर उपटली.

"बाई, मला ऐकू येत होतं," मागून एक मुलगी कळवळून म्हणाली.

"सगळ्यांना एकदमच ऐकवणार," बाई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

शेवटी तो तरुण पर्यवेक्षक आवाज ऐकवायचं दुसरं यंत्र घेऊन आला. बटण दाबताना बाईंनी डोळे मिटून घेतले होते. आवाज स्वच्छ आला, शेवटपर्यंत टिकला. भीती मात्र काही उतरली नाही.

संध्याकाळी फाटकाशी आयांची ही गर्दी. बाईंनी नावाचा बिल्ला काढून खिशात टाकला आणि भिंतीच्या कडेकडेनं निघाल्या.

"त्याच त्या," मागून तोच कळवळलेला आवाज आला.

मुलीची आई समोर येऊन उभी राहिली. "चालू झालेला स्पीकर तुम्ही बंद केलात म्हणे. कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"नाव काय तुमचं?"

काहीही नाव ठोकून दिलं असतं तरी या गर्दीत कुणाला कळलं नसतं. आईच्या मागे मुलगी उभी होती, डोळे रडून सुजलेले. बाईंनी खिशातून बिल्ला काढला. छातीवर लावताना पिन दोनदा निसटली. आई बघत राहिली. अखेर बिल्ला लागला, तेव्हा तिला नीट वाचता यावा म्हणून बाई ताठ उभ्या राहिल्या.