टाकीतली माया

धुकं पडलं की तिला हटकून आबा आठवत. आबा म्हणजे तिचे पहिले कॅप्टन, आणि ती त्यांच्या शेजारी बसणारी नवखी को-पायलट. धुक्याच्या त्या एका सकाळी तर तिचे वडीलही विमानात होते, जन्मात पहिल्यांदाच. सगळं आयुष्य शिलाई मशीनवर वाकून काढलेला माणूस, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून खिडकीशी बसला होता.

निघण्याआधी हवामानाचा कागद पाहून ती म्हणाली, "जायचंय तिथे उतरता आलं नाही, तर शेजारचा विमानतळ जवळच आहे."

"अगं, दोन्ही एकाच नदीच्या काठी. एकीकडे धुकं, तर दुसरीकडे काय ऊन पडणार? आगीतून फुफाट्यात!" आबा म्हणाले. "डोंगरापलीकडचा धर. तिथवर जायचं इंधन, घिरट्या घालायचं, शिवाय थोडं माझ्या समाधानाचं."

इंधनाचा हिशेब पाहणारा कुरकुरला, "आबा, जास्तीचं वजन वाहायलाही इंधन जळतं हो."

"जळू दे. माझा जीव जळण्यापेक्षा बरं."

झालंही तसंच. खाली नुसती दुधावरची साय. घिरट्या घातल्या, पण धावपट्टी काही दिसेना. शेजारचा विमानतळही बंद झाल्याचं रेडिओवर कळलं. आबांनी इंधनाच्या काट्यावर नजर टाकली. "चल, डोंगर ओलांडू."

पलीकडे लख्ख ऊन होतं. उतरल्या उतरल्या वडील तिच्यावर उखडले, "चारचौघांत लाज आणलीस! रस्ता चुकलीस ना?"

आबांनीच त्यांना बाकावर बसवलं, चहा पाजला, सगळं समजावलं. ऐकता ऐकता वडील खुलले. "म्हणजे माया सोडता म्हणा की! आम्हीही शिवणीत जास्तीचं कापड ठेवतो. घट्ट झालं तर उसवून सैल करता येतं."

"ठेवायलाच हवी," आबा म्हणाले. "अंग कधी भरेल, सांगता येतं का!"

मग काय, गट्टीच जमली. वडील आबांच्या गणवेशाची बाही उलटून म्हणाले, "कुणी शिवलंय हो हे? हात मोडले पाहिजेत त्याचे." आबा खो खो हसले.

दुपारी मुक्कामाच्या ठिकाणचं धुकं विरलं. निघायचं म्हणून ती बोलवायला गेली, तर दोघेही उठायला तयार नाहीत.

आता दोघेही नाहीत. ती स्वतः कॅप्टन होऊन जग हिंडली. सगळ्यात आवडता विमानतळ कुठला, असं कुणी विचारलं, की ती डोंगरापलीकडच्या त्या आडबाजूच्या धावपट्टीचं नाव सांगते. कुणालाच ते ठाऊक नसतं.