वाळलेला रवा

मी शेषाद्रीरावांचा मृदंग बोलतोय. 'शेषाद्रीरावांचा' हा शब्द नीट ऐकून ठेवा, माझं सगळं दुखणं त्यातच आहे.

फणसाच्या लाकडातून मला इथेच तंजावुरात कोरलं. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या या घरात तीस वर्षं मी त्यांच्या एकट्याच्या मांडीशी होतो. वाजवण्याआधी ते माझ्या डाव्या तोंडावर भिजवलेला रवा थापायचे, वाजवून झालं की हलक्या हाताने काढून टाकायचे. रवा वाळला तर कातडं तडकतं. त्यांच्या मुलांनाही मला हात लावायची सोय नव्हती.

मग शाळेतल्या चंद्रमतीबाई नववीतल्या वासुकीला घेऊन आल्या. पोरगी वर्ग बुडवायची, मारामाऱ्या करायची.

"अप्पा, शाळेत हिला अजून पंधरा दिवस पाहतील. एक दिवस चुकली तर नाव काढतील," बाई म्हणाल्या. "बाकावर ताल मात्र सुरेख धरते."

"सरी, ठीक आहे. शाळा सुटली की येत जा," म्हणत त्यांनी मला उचललं आणि तिच्यापुढे ठेवलं.

माझा जळफळाट झाला. संध्याकाळचा काप्पीचा पेला रिकामा झाल्यानंतरची माझी वेळ तिची झाली. तिचा बोल चुकला तरी ते हसायचे. माझा सूर जरा उतरला की कपाळाला आठ्या. ही ब्याद कधी टळते याची मी वाट पाहू लागलो.

बाराव्या दिवशी ती वर्गात भांडून आली. "उद्या शाळेस जाणार नाही," म्हणाली, मला दोन थपडा हाणल्या आणि रवा तसाच टाकून निघून गेली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता हिची खैर नव्हती.

शेषाद्रीरावांनी रवा पाहिला, दोनदा बोटाने चाचपला आणि तसाच राहू दिला. सकाळपर्यंत माझं कातडं ताणून ताणून दुखलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वासुकी गणवेशातच आली. टणक रवा पाहून तिचा चेहरा उतरला. ओल्या बोटाने तासभर ती तो सोडवत बसली.

"तुम्ही का नाही काढला, अप्पा?"

"तू येऊन काढशील म्हणून."

तिच्यासाठी त्यांनी माझं कातडं पणाला लावलं होतं. माझ्यासाठी तीस वर्षांत काय लावलं?

तिचं नाव शाळेत राहिलं. आता शाळा सुटल्यावरही बाई तिला तिथेच अभ्यासाला बसवतात, म्हणून ती फक्त रविवारी येते. शेषाद्रीराव पुन्हा माझे एकट्याचे आहेत. पण डाव्या तोंडावर एक बारीक चीर राहिली आहे, आणि तिथे रवा लावावा तर तिनेच.

आज सोमवार. मेली ती शाळा सहा दिवस तिला एकटीच घेऊन बसते. तुमची तिथे कुणाशी ओळख असेल तर एवढं सांगा, शनिवारी तरी पोरीला लवकर सोडा.