मंगळवारची थरथर

आमच्या धावपट्टीवर एक रीत आहे. पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवून परत आलं की शिकवणारा माणूस उडवणाऱ्याच्या शर्टाची पाठ कात्रीनं कापतो, त्यावर नाव आणि तारीख लिहितो आणि तो तुकडा हँगरच्या भिंतीवर ठोकतो. माझ्या आईचा निळा तुकडा तिथं आहे. माझा नव्हता. तीनदा वाऱ्यानं घात केला होता. आमच्या कॅन्ससमध्ये वारा पडणं म्हणजे लॉटरीच.

त्या शनिवारी वारा पडला! मी मुद्दाम पिवळाधमक शर्ट घातला, भिंतीवर लांबून दिसावा म्हणून.

माझी शिक्षिका मार्लिस माझ्याबरोबर तीन फेऱ्या मारून खाली उतरली. "इंजिन पुन्हा तपास आणि नीघ, लोरेना. वाऱ्याचा वेग दहा नॉटच्या आत आहे तोवरच हं. अकरा झाला की घरी."

इंजिनाला ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो असतात. उडण्याआधी एकेकावर इंजिन चालवून बघायचं. उजवा ठीक. डाव्यावर मात्र इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा धपकन खाली आला आणि सीट थरथरायला लागली. शिकवल्याप्रमाणे इंधन कमी करून प्लगवरची काजळी जाळली. सुधारलं, पण पुरेसं नाही.

पुरेसं नाही, पण जवळपास! कुणाला कळणार होतं? आत मी एकटीच तर होते. रागानं डोळे भरून आले. मग विमान वळवलं आणि हँगरकडे आणलं.

आमचा मेकॅनिक डेल्बर्ट खिमा-कोबी भरलेला गरम पाव, बिरॉक, खात बसला होता.

"डावा मॅग्नेटो बिघडलाय," मी म्हणाले.

"तक्रारवहीत लिही. आणि 'बिघडलाय' लिहू नकोस. ते ठरवायला मी बसलोय ना! तू काय पाहिलंस ते लिही."

मी लिहिलं: डाव्यावर दोनशे वीस फेरे कमी. साफ केल्यावर एकशे ऐंशी कमी. सीट थरथरते.

"हां, याला म्हणतात लिहिणं. पहिल्यांदा कधी जाणवलं?"

मंगळवारीही थोडी थरथर होती. प्लग साफ केल्यावर ती गेली आणि मी वहीत 'सर्व ठीक' लिहून मोकळी झाले. तक्रार लिहिली की विमान उभं राहतं आणि आपली पाळी जाते, हे इथं सगळ्यांना ठाऊक असतं.

"मंगळवारी," मी म्हणाले.

"धन्य आहेस! तेव्हा लिहिलं असतंस तर आत्ता आकाशात असतीस." त्यानं बिरॉक खाली ठेवला. "आणि बुधवारपासून तीन पोरं उडाली गं याच विमानात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं नुसत्या डाव्यावर इंजिन चालवलं, बंद केलं, झाकण उघडलं आणि धुराच्या चारही नळ्यांवर पाण्याचे थेंब टाकले. चर्र. चर्र. चर्र. चौथ्या नळीवर थेंब तसाच बसून राहिला.

"थंड!" मी ओरडले.

"कान फाडू नकोस. पाना दे."

म्हणजे तिथं ठिणगीच पडत नव्हती. त्या नळीच्या सिलिंडरमधल्या प्लगला आतून केसाएवढी चीर होती. नवा प्लग बसेपर्यंत मी वारा दाखवणाऱ्या झोळीकडे बघत होते. पडलेली झोळी हळूहळू उठायला लागली. डेल्बर्टनं वहीत सही केली.

"नऊ!" मार्लिस ओरडली. "पळ!"

पुन्हा तपासणी. उजवा ठीक, डावा ठीक. वेग दिला, आणि शेजारी मार्लिस नसल्यानं विमान असं चटकन उचललं गेलं की मी मोठ्यानं हसले. खाली गव्हाची शेतं, धान्याची उंच कोठारं, आणि वर मी एकटी! अख्खी फेरी मी काहीतरी गात होते. उतरताना चाकांनी एक उसळी मारली, मारू दे.

कात्री फिरली, पाठीला वारा लागला. मार्लिस मला मिठी मारून नाचत होती. डेल्बर्ट वही घेऊन आला. "आधी हे."

मी 'सर्व' एवढं लिहिलं आणि थांबले. दुपारी याच विमानात माझा चुलतभाऊ वेंडेल पहिल्यांदा एकटा जाणार होता. नवा कोरा शर्ट घालून तो समोरच उभा होता.

'सर्व' खोडलं आणि लिहिलं: उजवा ब्रेक पायाला मऊ लागतो. आत्ता उतरताना पहिल्यांदा जाणवलं.

"लोरेना!" वहीत डोकावून वेंडेल किंचाळला. "अगं, माझी पाळी!"

डेल्बर्टनं दोनदा वाचलं. मग विमानाला उडायला मनाई असल्याची लाल फीत बांधली आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच हसला.

"रडू नकोस, वेंडेल," तो म्हणाला. "पाना दे."