राहायचं कर्ज

कर्ज जमवून देणाऱ्या पिकर्डबाईंनी आमच्यापुढे दोन फॉर्म ठेवले. एक भाड्याने द्यायच्या घरासाठी, दुसरा स्वतः राहायच्या घरासाठी. घर मात्र एकच होतं. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं, सोळा नंबरचं.

"भाड्याचं कर्ज चटकन मिळेल," पिकर्डबाई म्हणाल्या. "आत भाडेकरू आहेच. बावीस वर्षांत एकदाही भाडं थकवलेलं नाही. बँकेला आणखी काय हवं?"

"मग आमच्या केरीला तिथे राहता येईल ना?" माझ्या नवऱ्याने, क्लाइव्हने विचारलं.

"छे! भाड्याच्या कर्जावर घरचं माणूस ठेवलंत तर ती बँकेची फसवणूक. मुलीला राहायचं असेल तर तिच्या नावावर राहायचं कर्ज काढा. पण मग घर रिकामं हवं."

रिकामं म्हणजे नॉरिस ब्लँचर्ड बाहेर.

नॉरिस चौऱ्याहत्तर वर्षांचे. ग्रिम्सबी बंदराच्या गोदीत, मासे टिकावेत म्हणून त्यांना धुरी देण्यात जन्म गेला, आणि त्यांच्या कोटाला अजून तोच वास येतो. त्यांच्या घराची जादा किल्ली आमच्या खिळ्याला, आमची त्यांच्या. दर मंगळवारी स्वतःचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेताना ते आमचाही नेतात. आम्ही कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्यांच्या मालकिणीने स्पेनमध्ये बसून घर विकायला काढलं, तेव्हा ते टोपी हातात घेऊन आमच्या दारात आले होते.

"ग्लेंडा, तुम्हीच घ्या ना हे घर. नाहीतर कोण कुठला येईल आणि मला हाकलून देईल."

"कोणी हलवत नाही तुम्हाला," मी ठणकावून सांगितलं. माझी जीभ नेहमीच माझ्यापुढे धावते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, ईस्टरला, केरी नवऱ्याला सोडून आमच्याकडे आली. बरोबर दोन बॅगा आणि नऊ महिन्यांची एल्सी. तेव्हापासून ती आमच्या पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपते, टीव्हीच्या बाजूला पाळणा. क्लाइव्ह आवाज बंद करून स्नूकर बघतो. इस्पितळातल्या मदतनिसाच्या पगारात तिला दुसरीकडे काही मिळणं शक्य नाही. सोळा नंबर तेवढं ऐपतीत बसत होतं, तेसुद्धा आमची शिल्लक घातली तर.

आम्ही राहायच्या कर्जाचा फॉर्म भरला. नॉरिसना काही सांगितलं नाही. "आधी मंजूर तरी होऊ दे," असं मी क्लाइव्हला म्हणाले. खरं म्हणजे माझी छाती होत नव्हती.

मग बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला आला. नॉरिसना वाटलं, आपण भाडेकरू म्हणून ठेवण्याच्या लायकीचे आहोत की नाही हे बघायला येतोय. तो यायच्या आधी आठवडाभर खपून त्यांनी जिना रंगवला, शेगडी घासून लख्ख केली. त्या दिवशी टाय लावला. त्या माणसाला खोली न खोली दाखवून शेवटी म्हणाले, "शेजाऱ्यांनी शब्द दिलाय मला. इथून मी आता आडवाच निघणार." त्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

दोन दिवसांनी पिकर्डबाईंचा फोन आला. "ते जाणार नाहीत असं अहवालात आलंय. घर सोडणार म्हणून त्यांची सही मिळाल्याशिवाय बँक पुढे सरकणार नाही. तुम्ही त्यांना सांगितलंय ना?"

"हो हो," मी म्हणाले.

कागद पोस्टाने आला. एकच पान. पंधरा सप्टेंबरपर्यंत घर सोडेन, माझा त्यावर काही हक्क राहणार नाही, आणि खाली एक रेघ.

"आई, मी जाऊ का?" केरीने विचारलं.

"तू नको. शब्द मी दिला होता."

मी सांगायलाच गेले होते. देवाशपथ सांगायलाच गेले होते. नॉरिसनी दार उघडलं, हातात कागद बघितला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"बँकेचा ना? आण इकडे. कुठे करायची सही?"

"आधी वाचा तरी, नॉरिस."

"या डोळ्यांनी? मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख अजून येतेच आहे. तू वाचलायस ना? मग झालं की."

तिथे बोलायला हवं होतं. नेहमी पुढे धावणारी माझी जीभ तिथेच मागे राहिली. डोळ्यांपुढे सोफा आला, पाळणा आला. नॉरिस पेन शोधायला लागले आणि मी माझ्या खिशातलं काढून दिलं. म्हणजे पेन मी घरून घेऊन निघाले होते.

त्यांना रेघ सापडेना. मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं.

"बरोबर आली का गं?" सही करून त्यांनी विचारलं.

"बरोबर आली."

"सुटलो बाई. इतके दिवस, खोटं कशाला बोलू, झोप नव्हती. आता पडदे घ्यायला हरकत नाही. हिरवे बरे दिसतील का? चहा टाकतो, बस ना पोरी."

मी बसले नाही. गॅसवर दूध राहिलंय असं काहीतरी पुटपुटले आणि निघाले. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. तरी कागदाला घडी पडणार नाही याची मी काळजी घेत होते.

केरी एल्सीला कडेवर घेऊन दारातच उभी होती.

"केली सही?"

"केली."

"रडले का गं?"

"नाही."

"मग काय म्हणाले?"

"हिरवे पडदे घेतो म्हणाले."

"आई, तू त्यांना सांगितलंस ना?"

बाहेर डब्याची चाकं खडखडली. मंगळवार होता. मी खिडकीतून बघितलं. नॉरिसनी आधी आमचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवला आणि मग स्वतःचा आणायला परत गेले.