हर्षलची फास्ट फाईल

निकिताचा धाकटा दीर हर्षल देवाधर्माचं फारसं मनावर घ्यायचा नाही, पण व्हॉट्सअॅपवर आलेलं सगळं त्याला ब्रह्मवाक्य वाटायचं. शेवगावातल्या एका खताच्या दुकानाचा फवारणीचा ड्रोन तो उडवायचा. त्याच कंपनीचा, तसलाच ड्रोन निकिताच्या बचत गटाकडेही होता. कंपनीनं दोघांनाही नवं सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं, तेव्हा हर्षल पेनड्राईव्ह नाचवत घरी आला.

"वहिनी, कंपनीची साईट नुसती रांगते. ही फाईल घ्या, ग्रुपवर आली. एकदम फास्ट."

निकितानं पेनड्राईव्ह लॅपटॉपला लावला, पण फाईल ड्रोनमध्ये टाकली नाही. ट्रेनिंगमध्ये तिला एक गोष्ट शिकवली होती. कंपनी फाईलसोबत साईटवर चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक ओळ देते. तिला चेकसम म्हणतात. उतरवलेल्या फाईलवरून आपला लॅपटॉप तशीच ओळ काढून देतो. दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या तर फाईल अस्सल. आत एवढंसं जरी इकडचं तिकडं झालं, तरी अख्खी ओळ पालटते.

हर्षलच्या फाईलची ओळ पहिल्या अक्षरापासूनच भलतीकडे निघाली होती.

"भावजी, ही जुळत नाही. ड्रोनमध्ये टाकू नका."

"साईज तर सेम हाय ना?"

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या भागूबाईंनी, म्हणजे निकिताच्या सासूनं, मान वळवली. "तुझं आन् सरपंचाच्या बोकडाचं वजन बी सारखंच भरंल. म्हनून काय बोकडाला हर्षल म्हनू?"

हर्षलला आईचा राग आला आणि वहिनीचा त्याहून जास्त. "तुमी बसा अक्षरं मोजत," असं म्हणून त्यानं पेनड्राईव्ह उपसला आणि तो गाडीला किक मारून गेला. दुकानाच्या नव्या शाखेचं त्या दिवशी उद्घाटन होतं आणि त्यात त्याला ड्रोन उडवून दाखवायचा होता.

निकिता लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेली. घरात रेंज नावालाच होती. कंपनीच्या साईटवरून फाईल उतरवली, तर मध्येच नेट गेलं आणि ती अर्धवट राहिली. ओळ जुळली नाही. दीर म्हणतो तशी आपण उगाच किडे करतोय का, असं तिच्याही मनात आलं. तरी तिनं पुन्हा उतरवली. या वेळी शेवटच्या अक्षरापर्यंत ओळ जुळली. तिनं ती ड्रोनमध्ये टाकली, शेतात एक फेरी मारून खात्री केली आणि मग उद्घाटन बघायला गेली.

उघड्या व्यासपीठावरून एक पुढारी आधुनिक शेतीवर बोलत होते. शेतीशी त्यांचा संबंध हुरडा पार्टीपुरता असल्यामुळे भाषण लांबलं होतं. शेवटी मालकानं खूण केली आणि हर्षलनं ड्रोन उडवला.

ड्रोन सरळ वर गेला, थबकला आणि रिमोटला न जुमानता व्यासपीठाच्या वर येऊन तरंगत राहिला. हर्षल बटणं दाबत सुटला. त्यातलं कुठलं तरी लागू पडलं आणि फवारणी सुरू झाली.

पुढाऱ्यांना वाटलं, गुलाबपाणी शिंपडतायत. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, कॅमेऱ्याकडं तोंड केलं. टाकीत निंबोळी अर्क होता. वास नाकात शिरला तशी त्यांची मुद्रा बदलत गेली. हार, टोप्या, फेटे, सगळं हिरवट झालं. मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणालं, "आता कीड लागायची न्हाई." बॅटरी संपत आली तेव्हा ड्रोन हळूच खाली उतरून पेढ्यांच्या परातीत बसला.

ती फाईल भलत्याच मॉडेलसाठी कोणी तरी खोलून, बदलून ग्रुपवर सोडलेली निघाली. दुकानाचा ड्रोन दुरुस्तीला गेला आणि मालकानं हर्षलला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी निकिता अंगणात ड्रोनची पाती पुसत होती. हर्षल बराच वेळ तिथं घुटमळला.

"वहिनी, ते जुळवायचं कसं असतं?"

मनात आलेले दोन-तीन टोमणे निकितानं गिळले. तिनं लॅपटॉप त्याच्याकडं सरकवला. तो एकेक अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागला. आतून भागूबाईंनी विचारलं, "ह्यो कुनाचा जप चाललाय?"

ओळ संपली, तेव्हा त्यानं घाम पुसला.

"जुळली," तो म्हणाला.

"मग चला. पाण्याचे कॅन तुम्ही उचला," निकिता म्हणाली, आणि दोघं तुरीच्या रानाकडं निघाले.