मान हलवायची नाही

गोल्फचा क्लब, म्हणजे काठी, चेंडूच्या चार बोटे मागे जमिनीत घुसला. माती मेव्हण्याच्या पांढऱ्या पँटवर उडाली आणि चेंडू जेमतेम वीस पावले घरंगळत गेला.

"बघा," मेव्हणा म्हणाला. "तुमची विद्या."

तीस वर्षे मास्तर या मैदानावर गोल्फ शिकवत होते. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दोन वर्षांपूर्वी इथला सेक्रेटरी झाला, आणि तेव्हापासून त्याने मास्तरांच्या घरी येणे सोडले होते. पण शिकायला आलेल्या सभासदाला मास्तरांनी परत पाठवायचे नाही, असा नियम होता. तो मेव्हण्यानेच केला होता.

"चार वाजता कमिटी बसतेय, भावोजी. कॅमेऱ्यावर चुका दाखवून शिकवणारा नवा कोच यायला एका पायावर तयार आहे. तुम्हाला ठेवायचं की नाही, ते मी सांगेन तसं होईल. तासाभरात हे नीट करून दाखवा."

"एका पायावर तुम्हीच उभे आहात, सेक्रेटरीसाहेब. उजव्या."

"टोमणे घरी ठेवा."

"घरी तुम्ही येता कुठे?"

मास्तरांनी गवतावर चुन्याची रेघ ओढली. चेंडू ठेवायचा नाही, नुसता क्लब फिरवायचा, आणि माती रेघेच्या पुढची उडाली पाहिजे. आधी चेंडू, मग जमीन. चांगल्या फटक्याचे गणित एवढेच. मेव्हण्याने दहा वेळा क्लब फिरवला. दहाही खड्डे रेघेच्या मागे.

मास्तर वाकून खड्डे पाहू लागले. नवशिक्याचे खड्डे वाटेल तिथे पडतात. हे एकमेकांना चिकटून, एकाच जागी होते. मन लावून घोटलेली चूक होती ती. कुणीतरी शिकवलेली.

ते समोर जाऊन उभे राहिले. "पुन्हा."

मेव्हण्याची हनुवटी छातीत रुतलेली, मान खुंटीसारखी. क्लब पुढे निघून गेला तरी डोके जागचे हलले नाही. डोके असे अडकले की छाती वळत नाही, वजन डाव्या पायावर येत नाही, आणि क्लब चेंडूच्या आधीच जमीन गाठतो.

"मान एवढी का आवळता?"

"का? 'मान हलवायची नाही!' कोण ओरडायचं? ताईच्या लग्नानंतर मला इथे आणलंत, पंधरा वर्षांचा होतो मी. डोकं हातानं दाबून धरायचात. चारचौघांत. पोरं हसायची."

मास्तरांना तो हात आठवला. त्या हाताखालून आणखी कितीतरी डोकी गेली होती.

'आज जरा मान सैल सोडून बघा,' एवढे म्हणून भागले असते. कुणाला काही कळले नसते.

"ते मी चुकीचं शिकवलं," मास्तर म्हणाले. "चेंडू गेला की डोकं छातीबरोबर वळू द्या."

मेव्हण्याने मान सैल सोडली. मग त्याने क्लब फिरवला. तिसऱ्या खेपेला माती रेघेच्या पुढची उडाली. मास्तरांनी चेंडू ठेवला. कोरडा, छोटा आवाज आला आणि चेंडू वर चढत ठिपक्याएवढा झाला. दहापैकी सात तसेच गेले. मेव्हण्याच्या चेहऱ्यावर हसू आले, आणि त्याने ते गिळले.

"म्हणजे पंचवीस वर्षं माझी वाट लावलीत."

"हो."

"कमिटीत हेच सांगणार. तुमच्याच शब्दांत."

"सांगा. फक्त शब्द बदलू नका."

पाच वाजता शिपाई चिठ्ठी घेऊन आला. महिनाअखेरपर्यंत काम, पुढे नाही. मास्तरांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि मैदानाच्या टोकाला गेले. तिथे अकरा वर्षे त्यांच्याकडे शिकणारे दातांचे डॉक्टर सराव करत होते.

"डॉक्टर, थांबा. मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची शिकवलीय."

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. त्यांचे कान लाल झाले.

"अकरा वर्षं, मास्तर? आणि हे आज सांगताय? लाज वाटत नाही?"

"वाटते. एकदा करून बघा."

"जा तुम्ही."

डॉक्टरांनी पाठ फिरवली. मास्तर पुढच्या माणसाकडे निघाले. मान ताठ धरून फटके मारणारे अजून चौघे होते, आणि अंधार पडायला दीड तास होता.