इच्छापूरचा फितूर

शाहीर विनायक बुऱ्हानपुरात येणार, हे कळल्यापासून पंधरा दिवस निंबाचे पाय जमिनीवर नव्हते. ज्याला त्याला तो सांगत सुटला होता, "माह्या बागेत एकोनीस दिवस राह्यला त्यो मानूस!"

ते खरंच होतं. बेचाळीस साली इंग्रजाचं वॉरंट अंगावर घेऊन शाहीर इच्छापुरात आला आणि निंबाच्या केळीच्या बागेतल्या खोपीत लपला. निंबाची बायको मनकर्णा वैरणीच्या भाऱ्यात भाकरी घालून न्यायची. पोलिसांना वास लागला तेव्हा शाहीर तापी उतरून पसार झाला, आणि निंबा सापडला. तीन दिवस त्याला बडवला. जबडा मोडला, पण तोंडातून नाव निघालं नाही. पुढं महिनाभरानं शाहीर दुसऱ्याच गावी पकडला गेला. निंबाचं बोलणं मात्र तेव्हापासून बोबडं झालं. एके काळी तो भजनात पहिला आवाज लावायचा.

आता सत्तावन्न साल होतं. बुऱ्हानपूर ज्यात गेलं त्या नव्या हिंदी राज्याची पहिली निवडणूक तोंडावर आली होती आणि मंत्र्यांच्या सभेत शाहिराचा जलसा होता. अर्धं गाव गाड्या जुंपून निघालं. निंबानं नवं धोतर नेसलं, बागेतला उत्तम घड उतरवून गाडीत ठेवला. शेजारचा उखर्डू त्याच गाडीत बसला.

तापीकाठच्या मैदानावर बांबू आणि कापडाचा अख्खा किल्ला उभारला होता, हुबेहूब असीरगडासारखा. दिवस मावळायच्या आतच विजेचे दिवे लागले. उखळी धडाडल्या, धुरातून किल्ल्याचा दरवाजा उघडला, वीस डफ एकदम कडाडले आणि शाहीर पुढं आला. केस पांढरे झाले होते. पण पहिली हाक मारली तशी समोरची दहा हजार माणसं गप्प झाली. निंबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तोच आवाज," तो मनकर्णेला म्हणाला.

बेचाळीसचा पोवाडा सुरू झाला. तापी आली, केळीच्या बागा आल्या, इच्छापूरचं नाव आलं. गावकऱ्यांनी टाळ्या पिटल्या. मग शाहिरानं डफ थांबवला, आवाज खाली आणला आणि म्हटलं:

"केळीच्या बागेत लपवला वाघ,
धन्यानंच दाखवला त्याचा माग!"

मैदान पेटलं. "थू! थू!" लोक ओरडायला लागले. इच्छापूरची माणसं एकेक करून निंबाकडं वळून बघायला लागली. निंबाला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्यानं मनकर्णेकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं, चूक झालेली नाही.

तेवढ्यात मंत्री बोलायला उठले. इथले काही लोक आपला मुलूख संयुक्त महाराष्ट्रात घाला म्हणून अर्ज करत फिरतात, ते म्हणाले. शाहिरांनी सांगितलेला फितूर अजून जिवंत आहे! त्या अर्जावर निंबाचाही अंगठा होता. सगळा मराठी मुलूख एक व्हायला हवा, हे त्याला पहिल्यांदा सांगितलं होतं शाहिरानंच, त्या खोपीत बसून.

निंबा उठला. मनकर्णा मागोमाग गेली. किल्ल्याच्या पाठीमागं शाहीर चहा पीत बसला होता. निंबाला पाहताच त्यानं कप ठेवला आणि त्याला मिठी मारली.

"निंबा! वहिनी! अजून आठवतं मला तुमच्या हातचं भरीत."

"भाऊ, मी कवा दावला तुमचा माग?" निंबानं विचारलं.

"अरे, तो तू नव्हेस. पोवाड्याला फितूर लागतो, त्याशिवाय लोकांचं रक्त तापत नाही. मी कुणाचं नाव घेतलंय का?"

"गावाचं घेतलं, बागेचं घेतलं," मनकर्णा म्हणाली. "नावाचं राह्यलं काय मंग? याचा जबडा बघा, भाऊ. यानं नाव सांगतलं असतं तं भाकर तरी चावता आली असती याले."

शाहिरानं मान खाली घातली. "चुकलो, वहिनी. आता वर गेलो की पहिलं तेच सांगतो. उभं करतो निंबाला सगळ्यांसमोर."

दोघं जागेवर येऊन बसली. निंबानं धोतर झटकून सारखं केलं, उभं राहावं लागणार म्हणून. शाहीर आला. त्याची नजर निंबावर पडली, क्षणभर तिथंच राहिली. पुढं बसलेले लोक ओरडले, "फितूर! पुन्हा फितूर!" मंत्र्यांनी खुर्चीतूनच हसून हात वर केला. शाहिरानं डफाला खूण केली आणि तेच कडवं पुन्हा घेतलं. या वेळी सगळं मैदान त्याच्याबरोबर म्हणत होतं.

मनकर्णा उभी राहून ओरडली, "खोटं हाय! माह्या मानसानं तोंड नाई उघडलं!" पण कर्ण्यांपुढं तिचा आवाज शेजारच्या चार माणसांपलीकडं गेला नाही. त्यांतल्या एकानं तिला खाली बसायला सांगितलं.

जलसा संपायच्या आतच त्यांनी गाडी जुंपली. उखर्डूही येऊन बसला. वाटेतलं शहापूर गाव मागं पडलं. मग उखर्डूनं घसा खाकरला.

"निंबा, रागावू नको. मारात मानसाच्या तोंडातून कायबी निघतं. तुह्या तोंडून काई निघालं तं नव्हतं ना?"

मनकर्णेनं बैलांचा कासरा ओढला. "उतर खाली! आत्ताच्या आत्ता!"

"राहू दे त्याले," निंबा म्हणाला. "कोनाकोनाले उतरवशीन तू?"

उखर्डू आपणहून उतरला आणि मागून येणाऱ्या गावातल्या दुसऱ्या गाडीत जाऊन बसला.

मंत्री निवडून आले. पोवाड्याचं चोपडं छापलं गेलं आणि बुऱ्हानपूरच्या इतवारा बाजारात विकायला आलं. होळीला इच्छापूरची पोरंसुद्धा ते कडवं म्हणत फिरली. निंबानं त्या एकोणीस दिवसांबद्दल पुन्हा कुणाकडं चकार शब्द काढला नाही. मनकर्णा मात्र विहिरीवर भेटेल त्या बाईला सगळं पहिल्या दिवसापासून सांगायची. बाया ऐकून घ्यायच्या, "हो माय" म्हणायच्या, आणि हंडा डोक्यावर घेऊन चालू लागायच्या.